स्टेशनापासून चालत जाता येणारं स्टेडियम

आमच्या बालाघाटच्या घरात ‘नागपूरला जायचंय’ या वाक्याचे दोनच अर्थ असत. एक तर कुणाला तरी मोठ्या डॉक्टरांना दाखवायचं असे, नाहीतर मॅच असे. पहिल्या वेळी आई बॅग भरायची आणि अप्पा गप्प असायचे. दुसऱ्या वेळी अप्पा स्वतः बॅग भरायचे आणि आई म्हणायची, ‘‘हुच्चरु!’’ वेडे कुठले!

बालाघाट कुठे, असं आपल्याकडच्या बऱ्याच वाचकांच्या मनात येईल. मध्य प्रदेशच्या दक्षिण टोकाला, वैनगंगेच्या काठी वसलेलं हे जिल्ह्याचं गाव. सीमा ओलांडली की महाराष्ट्राचा गोंदिया जिल्हा. अप्पा मूळचे निपाणीचे, आई धारवाडकडची. अप्पांची नोकरी गावालगतच्या भरवेलीच्या मँगनीज खाणीत होती, म्हणून आमचं बिऱ्हाड इतक्या लांब. घरात सकाळी कन्नड, संध्याकाळी मराठी आणि दाराबाहेर पाऊल टाकलं की हिंदी! बालाघाट पूर्वी मध्य प्रांतात होतं आणि त्या प्रांताची राजधानी नागपूर. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेररचना झाली, तेव्हा नागपूर मुंबई राज्यात गेलं आणि बालाघाट नव्या मध्य प्रदेशात राहिलं. बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं ती तारीखही तीच. राजधानी बदलली तरी माणसांची नागपूरला जायची सवय काही बदलली नाही. सीमाभागातल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

बालाघाटात खेळाचं वेड कमी नव्हतं. तिथलं मुलना स्टेडियम हॉकी-फुटबॉलसाठी सगळ्या पंचक्रोशीला माहीत. पण गावसकर, कपिल देव डोळ्यांनी पाहायचे तर गाठायचं नागपूर, आणि नागपुरात सिव्हिल लाइन्सचं विदर्भ क्रिकेट असोसिएशनचं मैदान. लोक नुसतं ‘व्हीसीए’ म्हणत.

आज ते मैदान पाडलेलं नाही. जागच्या जागी आहे, गवत हिरवं आहे, रणजीचे सामनेही तिथं होतात. तरीही मी त्याला हरवलेलं मैदान म्हणते. का, ते सांगण्यासाठीच हा लेख.

आधी तिथवर पोचायचं कसं, ते सांगते. बालाघाटहून गोंदियाला जाणारी ‘छोटी लाइन’ होती, म्हणजे नॅरोगेज. सातपुड्यातल्या त्या गाड्यांचं जाळं इंग्रजांच्या काळातलं, विसाव्या शतकाच्या आरंभीचं. डबे इतके अरुंद की समोरासमोर बसलेल्यांचे गुडघे एकमेकांना लागत. चाळीसेक किलोमीटरचं अंतर, पण गाडी आपल्या मनाची मालकीण! गोंदियाला मुंबई-हावडा मोठी लाइन. मग तिरोडा, तुमसर रोड, भंडारा रोड, कामठी करत नागपूर. स्टेशनाबाहेर आलं की रिक्षावाल्यांकडे न पाहता अप्पा सरळ चालू लागत. सिव्हिल लाइन्स तिथून फार तर दोन-अडीच किलोमीटर. वाटेत तर्री-पोहे. संध्याकाळी मॅच संपली की तसंच चालत स्टेशन, गोंदियाच्या फलाटावर रात्र, आणि पहाटेच्या छोट्या गाडीनं घरी. तिकीट, पोहे आणि रेल्वेभाडं, याखेरीज खर्च नाही. खाणीतल्या कारकुनाच्या पगारात बसणारं क्रिकेट होतं ते.

हे मैदान कसोटी सामन्यांच्या नकाशावर आलं ऑक्टोबर १९६९ मध्ये. पतौडी कप्तान, बिशनसिंग बेदी, व्यंकटराघवन आणि आपला बेंगळुरूचा प्रसन्ना संघात, आणि तरी भारत न्यूझीलंडकडून १६७ धावांनी हरला! न्यूझीलंडचा भारतातला तो पहिलाच कसोटी विजय. दुसरा त्यांना १९८८ साली मुंबईत मिळाला आणि तिसऱ्यासाठी त्यांना ऑक्टोबर २०२४ मधल्या बेंगळुरूपर्यंत थांबावं लागलं. अप्पा त्या १९६९ च्या सामन्याच्या वेळी बालाघाटला नव्हते, पण खाणीतले जुने लोक त्याची हकिगत अशी सांगत, जणू घरातल्या लग्नात वऱ्हाड रुसून परत गेलं होतं.

मी स्वतः पाहिलेला सामना ३१ ऑक्टोबर १९८७ चा. रिलायन्स कप. दिवाळी नुकतीच होऊन गेली होती आणि मी नऊ वर्षांची होते. मुलीला कशाला न्यायचं, असं शेजारच्या काकूंनी विचारलं, तेव्हा अप्पा म्हणाले, ‘‘तिला धावफलक वाचता येतो, तुमच्या बंड्याला येतो का?’’ धारवाडहून मामा आले होते. डब्यात ज्वारीच्या कडक भाकऱ्या, शेंगा चटणी आणि उरलेला फराळ.

त्या दिवशी समोर पुन्हा न्यूझीलंडच होतं. चेतन शर्माची हॅटट्रिक याच सामन्यातली, विश्वचषकातली पहिली. केन रदरफोर्ड, इयान स्मिथ, इवेन चॅटफील्ड, तिघंही त्रिफळाचीत. ही हॅटट्रिक मी ऐकली, पाहिली मात्र नाही. तिसऱ्या चेंडूच्या आधीच सगळा स्टँड उभा राहिला आणि माझ्यासमोर फक्त पाठी होत्या. मामांनी मला उचलेपर्यंत सगळं संपलं होतं! पण आवाज आठवतो. आधी हजारो माणसं एकदम गप्प होतात तो, आणि मग दुसरा.

न्यूझीलंडच्या २२१ झाल्या. गटात पहिलं यायचं तर भारताला त्या बेचाळीस षटकांच्या आसपास करायच्या होत्या, तर उपांत्य सामना मुंबईत मिळणार होता. सुनील गावसकरला त्या दिवशी ताप होता, हे आता सगळ्यांना माहीत आहे. स्टँडमध्ये आम्हाला काय कल्पना? एरवी तासन्‌तास खेळपट्टीवर ठाण मांडून बसणारा हा माणूस त्या दिवशी ८८ चेंडूंत नाबाद १०३ करून गेला. चॅटफील्डच्या एका षटकात दोन षटकार आणि लगोलग दोन चौकार. श्रीकांतच्या ७५. बत्तीस षटकं आणि एक चेंडू, सामना खलास! गावसकरचं एकदिवसीय क्रिकेटमधलं हे एकमेव शतक. पुढे मुंबईला उपांत्य सामन्यात इंग्लंडनं आपल्याला हरवलं, पण आमच्या घरात १९८७ चा विश्वचषक नागपूरलाच संपला, असंच अजून मानतात.

आम्ही कुणाशेजारी बसलो होतो हे मला आज जास्त महत्त्वाचं वाटतं. एका बाजूला तुमसरचे तांदळाचे व्यापारी, दुसऱ्या बाजूला इतवारीतला एक शिंपी आणि त्याची दोन मुलं, मागे छिंदवाड्याहून आलेले कॉलेजचे विद्यार्थी. बहुतेकांच्या हातात डबे. सामना संपल्यावर यातले अर्धे लोक आम्हाला रेल्वे स्टेशनवर पुन्हा भेटले.

आपल्या वाचकांना या मैदानाचा आणखी एक धागा आवडेल. २२ मार्च १९९९ ला श्रीलंकेविरुद्ध इथं सौरव गांगुलीनं नाबाद १३० केल्या आणि राहुल द्रविडनं ११६. २००० साली झिम्बाब्वेविरुद्धच्या कसोटीत सचिनच्या नाबाद २०१ आणि द्रविडच्या १६२. (त्याच सामन्यात अँडी फ्लॉवरनं नाबाद २३२ करून आपल्या गोलंदाजांना घाम फोडला, तो भाग वेगळा.) ऑक्टोबर २००४ मध्ये हिरव्यागार खेळपट्टीवर ऑस्ट्रेलियानं आपल्याला ३४२ धावांनी लोळवलं, तेव्हा गांगुली संघाबाहेर होता आणि कप्तान होता द्रविडच. मार्च २००६ ला इंग्लंडविरुद्धची कसोटी झाली, त्यातही कप्तान तोच. जन्म इंदूरचा, घर मराठी, वाढला बेंगळुरूत! त्याच्याकडे बघून आमची आई म्हणायची, ‘‘हा आपल्या घरातला.’’ अनिल कुंबळे संघात असला की मग मामा आणि अप्पांचं भांडणच उरायचं नाही.

२००६ ची ती कसोटी या मैदानावरची नववी आणि शेवटची. इंग्लंडच्या अॅलिस्टर कुकनं पदार्पणातच शतक केलं, आपल्या वासिम जाफरनं पहिलं कसोटी शतक इथंच झळकावलं. २००७ मध्ये काही एकदिवसीय सामने झाले. नोव्हेंबर २००८ मध्ये ऑस्ट्रेलियाचा संघ पुन्हा नागपूरला कसोटीसाठी आला, तो थेट वर्धा रोडवरच्या जामठ्याच्या नव्या स्टेडियममध्ये. गांगुलीची ती अखेरची कसोटी. सिव्हिल लाइन्सला मात्र कुणी निरोप दिला नाही. खेळाडू निवृत्त होतो तेव्हा हारतुरे असतात. मैदान निवृत्त होतं तेव्हा फक्त पुढच्या तिकिटावर पत्ता बदललेला असतो.

इथवर वाचून कुणाला वाटेल, बाईंचं गतकाळाचं रडगाणं सुरू झालं. तेव्हा जी गोष्ट लिहायला जड जाते, ती इथंच लिहिते.

२६ नोव्हेंबर १९९५, रविवार. समोर परत न्यूझीलंड. मी बारावीत होते आणि परीक्षेच्या नावाखाली मला जाऊ दिलं नव्हतं, म्हणून आम्ही टीव्हीवर बघत होतो. न्यूझीलंडनं साडेतीनशेच्या घरात धावा केल्या. दोन डावांच्या मधल्या सुट्टीत पूर्वेकडच्या स्टँडमधली भिंत कोसळली. नऊ प्रेक्षक मरण पावले, कितीतरी जखमी झाले. सामना पुढे चालूच राहिला. आम्ही घरात बसून भारताचे फलंदाज कसे बाद होताहेत यावर चिडत होतो. दुसऱ्या दिवशी कळलं, तेव्हा अप्पा बराच वेळ वर्तमानपत्र हातात धरून बसले. आई एवढंच म्हणाली, ‘‘साकु. इन्न होगूदु ब्याड.’’ पुरे झालं, आता जायचं नाही. अप्पा त्यानंतर नागपूरला डॉक्टरकडे गेले, मॅचला गेले नाहीत.

ती नऊ माणसं आमच्यासारखीच सकाळी डबा घेऊन निघाली असणार. त्यामुळे जुन्या मैदानाच्या आठवणीनं कुणी गहिवरून बोलायला लागलं की मला आधी ती भिंत आठवते. गावाच्या मध्यभागी मैदान असणं ही सोय आहे, पण दाटीवाटी, अरुंद दारं हीसुद्धा त्याच सोयीची किंमत असते. जामठ्याचं स्टेडियम बांधायला नको होतं, असं म्हणायला माझी जीभ रेटणार नाही.

जामठ्याला मी २०२३ च्या फेब्रुवारीत गेले, ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या कसोटीला. धाकटा भाऊ आता नागपूरला असतो, त्यानं गाडीनं नेलं. स्टेडियम देखणं आहे, पंचेचाळीस हजार माणसं बसतील असं. प्रत्येकाची खुर्ची वेगळी, कुठूनही खेळपट्टी दिसते. आमच्या लहानपणी मैदान असो की यात्रा, बायका दिवसभर पाणी पीत नसत. का ते बायकांना ठाऊक आहे. माझ्या भाचीला तसं करावं लागलं नाही, आणि एवढ्या एका गोष्टीसाठी मी नव्या काळाला हात जोडायला तयार आहे! शिवाय भारत तीन दिवसांत डावानं जिंकला.

पण शहराच्या मध्यापासून ते अठराएक किलोमीटर. मेट्रो खापरीपर्यंत जाते, तिथून पुढे पुन्हा वाहन शोधायचं. भावाची गाडी होती म्हणून आम्ही गेलो. माझ्या बाजूच्या रांगेत पुण्याहून विमानानं आलेलं कुटुंब होतं, हैदराबादची आयटीतली मुलं होती. छान लोक, खेळातलं कळणारे. तुमसरचा कुणी भेटला नाही. कदाचित पलीकडच्या स्टँडमध्ये असेल. पण असला तर तो संध्याकाळच्या गोंदिया गाडीसाठी तिसऱ्या सत्रातच उठला असणार.

मैदान हलवलं की असं होतंच, असं काही नाही. मुंबईचंच बघा. १९३७ साली चर्चगेटजवळ ब्रेबर्न स्टेडियम झालं. पुढे क्रिकेट क्लब ऑफ इंडिया आणि मुंबई क्रिकेट असोसिएशन यांच्यात तिकिटांच्या वाटपावरून बिनसलं आणि असोसिएशननं स्वतःचं वानखेडे स्टेडियम बांधलं. जानेवारी १९७५ मध्ये तिथं पहिली कसोटी झाली. ब्रेबर्नच्या चाहत्यांनी तेव्हा पुष्कळ उसासे टाकले. पण दोन्ही स्टेडियममध्ये चालत जेमतेम दहा मिनिटांचं अंतर! डोंबिवलीचा माणूस ब्रेबर्नला ज्या लोकलनं यायचा त्याच लोकलनं वानखेडेला येऊ लागला. इमारत बदलली, माणसं तीच राहिली. नागपुरात उलटं झालं: इमारत तशीच आहे, माणसं बदलली.

आपल्या जवळचं उदाहरण कोल्हापूरच्या खासबाग मैदानाचं. शाहू महाराजांनी १९१२ साली उभारलेलं हे कुस्तीचं मैदान आजही गावाच्या पोटात आहे. खोलगट बांधणी, मध्ये हौदा, म्हणून शेवटच्या माणसालाही कुस्ती दिसावी. चिकोडी, गोकाक, जमखंडीकडचे शौकीन एसटीनं येत आणि कुस्ती संपवून परत जात. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री लगतचं केशवराव भोसले नाट्यगृह आगीत होरपळलं, तेव्हा नाटकवाल्यांइतकेच कुस्तीवालेही रस्त्यावर उभे राहून रडत होते, असं माझ्या एका विद्यार्थ्यानं येऊन सांगितलं. तिथं कुणी म्हटलं नाही की आता हे गावाबाहेर हायवेला नेऊ या. बांधून काढू, असंच सगळे म्हणाले.

सिव्हिल लाइन्सला मी मधे एकदा जाऊन आले. नागपूरला चर्चासत्र होतं, दुपारचं सत्र कंटाळवाणं होतं (वक्त्यांनी मला माफ करावं), आणि मी निघाले. स्थानिक सामना चालू होता. पन्नास-साठ माणसं असतील. बहुतेक निवृत्त, काहींच्या मांडीवर वर्तमानपत्र. बॅटवर चेंडू बसल्याचा आवाज पार वरच्या पायरीपर्यंत स्पष्ट ऐकू येत होता. १९८७ ला हा आवाज मैदानात होता हेसुद्धा मला कळलं नव्हतं. शेजारच्या आजोबांना विचारलं, रोज येता का? म्हणाले, ‘‘सामना असला का येतो जी. जामठ्याले कोन नेते आता?’’

या आजोबांना बिचारे म्हणू नका. त्यांनी जे पाहिलंय ते जामठ्याच्या खुर्च्यांनी पाहिलेलं नाही. वर्षानुवर्षं कुणाच्या खिजगणतीत नसलेला विदर्भाचा संघ यांच्याच डोळ्यांसमोर घडला. डिसेंबर २०१७ मध्ये कोलकात्याला रणजीच्या उपांत्य सामन्यात विदर्भानं कर्नाटकाला पाच धावांनी हरवलं, तो दिवस आमच्या घरात फार अवघड गेला. कर्नाटकाला जिंकायला १९८ हव्या होत्या, रजनीश गुरबानीनं सात बळी घेतले आणि डाव १९२ वर आटोपला. मामांनी धारवाडहून फोन केला, पण बोलले काहीच नाहीत. पुढे इंदूरला दिल्लीला हरवून विदर्भानं पहिल्यांदा रणजी करंडक जिंकला, दुसऱ्या वर्षीही राखला. दोन्ही वेळा संघात वासिम जाफर होता. आणि त्या कोलकात्याच्या सामन्यात कर्नाटकाकडून दीडशे करणारा करुण नायर पुढे विदर्भाकडूनच खेळायला आला. २०२४-२५ च्या अंतिम सामन्यात केरळविरुद्ध त्यानं जामठ्याला शतक ठोकलं आणि करंडक तिसऱ्यांदा नागपूरला राहिला. मामांना त्या दिवशी विचारलं, आता कुणाचे? म्हणाले, ‘‘येरडू नम्मवे.’’ दोन्ही आपलीच.

हे सगळं आज लिहावंसं वाटलं त्याला कारण बेंगळुरू आहे. ४ जून २०२५ ला चिन्नास्वामी स्टेडियमच्या दारांशी चेंगराचेंगरी होऊन अकरा जण गेले, बरेचसे तरुण. न्यायमूर्ती मायकेल डी’कुन्हा आयोगानं हे स्टेडियम मोठ्या गर्दीसाठी सुरक्षित नसल्याचं सांगून ते दुसरीकडे हलवण्याची शिफारस केली. त्या वर्षीच्या महिला विश्वचषकाचे सामने बेंगळुरूहून नवी मुंबईला गेले. शहराच्या दक्षिणेला बोम्मसंद्राकडे ऐंशी हजारांच्या नव्या स्टेडियमची योजना पुढे आली. अकरा घरांतून माणूस गेलेलं असताना जुन्याची बाजू घेऊन कोण भांडणार? मी तर नाही. ती १९९५ ची भिंत मला अजून दिसते.

पण आमच्या कॉलेजातली मुलं चिन्नास्वामीला कशी जातात ते मला माहीत आहे. रात्रीच्या राणी चन्नम्मानं निघतात, सकाळी बेंगळुरू. मॅजेस्टिकवरून मेट्रोनं तिसरं स्टेशन कब्बन पार्क, बाहेर आलं की स्टेडियम. दिवसभर फिरतात, संध्याकाळी मॅच, आणि परतीची गाडी किंवा रात्रीची बस. लॉज नाही, टॅक्सी नाही. आमचं बालाघाट-गोंदिया-नागपूर होतं ना, अगदी तेच. नागपुरात पार्किंगचा विचार आधी झाला आणि गोंदियाच्या गाडीचा झालाच नाही. बेंगळुरूत निदान बोम्मसंद्रापर्यंत पिवळी मेट्रो २०२५ च्या ऑगस्टमध्ये सुरू झाली आहे. ती मॅचच्या रात्री किती वाजेपर्यंत धावेल, मेट्रोपासून स्टेडियमपर्यंत बस कोण सोडेल आणि स्वस्त तिकिटांचा स्टँड किती मोठा असेल, हे प्रश्न आराखडा कागदावर असतानाच विचारायचे असतात. खुर्च्या बसल्यावर कुणी ऐकत नाही.

परवा तृतीय वर्षाच्या वर्गात हा विषय निघाला. मुलांनी भरभरून मतं मांडली. मागच्या बाकावर संकेश्वरचा एक मुलगा बसतो, एरवी तोंड उघडत नाही. तो म्हणाला, ‘‘मॅडम, मॅच साडेअकराला संपली तर परतीची गाडी गाठता येईल का तिथनं?’’

मी वेळापत्रक काढून फळ्यावर मांडलं. दोघांनी मिळून हिशेब केला. गाठता येत नाही.